'कट' आणि 'द रेनकोट्स': एका वर्षाचे, एका शहराचे दोन अल्बम

लंडन, १९७९. सप्टेंबरमध्ये द स्लिट्सचा 'कट' आला आणि नोव्हेंबरमध्ये द रेनकोट्सचा पहिला अल्बम, बँडच्याच नावाचा. दोन्ही बँड बायकांचे, दोन्ही पंकच्या, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या उद्धट, साध्यासुध्या रॉकच्या लाटेतून वर आलेले, आणि दोन्हींतल्या बहुतेक जणी वाद्य शिकता शिकताच स्टेजवर चढलेल्या. त्यात पामॉलिव्ह ही ड्रमर आधी स्लिट्समध्ये होती, मग रेनकोट्समध्ये गेली. तिनं लिहिलेलं 'ॲडव्हेंचर्स क्लोज टू होम' तर दोन्ही अल्बमवर आहे. मग गोंधळ होणारच. पण मला हे दोन्ही अल्बम जिवापाड आवडतात, आणि 'बायकांचा जुना पंक' म्हणून दोघांना एकाच खणात टाकलेलं बघवत नाही.

आधी कोण कुठली ते पाहू. स्लिट्स १९७६ मध्ये उभा राहिला तेव्हा मूळची जर्मन गायिका आरी अप चौदा वर्षांची होती. पामॉलिव्ह मूळची स्पेनची, खरं नाव पालोमा रोमेरो. गिटारवर विव्ह अल्बर्टीन आणि बेस गिटारवर टेसा पॉलिट थोड्याच दिवसांत आल्या. १९७७ मध्ये द क्लॅश या गाजलेल्या पंक बँडबरोबर त्या देशभर दौऱ्यावर गेल्या. रेनकोट्सची सुरुवातच मुळी स्लिट्सना पाहून झाली. ॲना द सिल्वा पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची, जीना बर्च नॉटिंगहॅमची. दोघी लंडनच्या हॉर्नसी कलाशाळेत शिकत होत्या. स्लिट्स स्टेजवर दिसल्या आणि आपणही हे करू शकतो असं त्यांना वाटलं. सुरुवातीच्या संचांत पुरुषही होते. मग पामॉलिव्ह आली, व्हिकी ॲस्पिनॉल व्हायोलिन घेऊन आली आणि बँड पूर्ण बायकांचा झाला.

म्हणजे एक बँड दुसऱ्याची प्रेरणा. त्यामुळे रेनकोट्स म्हणजे स्लिट्सची मवाळ आवृत्ती, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते साफ नामंजूर आहे. हा आवाज कमी-जास्त असण्याचा फरक नाही. गाणं कशावर उभं करायचं, याचीच दोघींची समजूत वेगळी आहे.

'कट' उभा आहे बेसवर आणि रिकाम्या जागांवर. निर्माता होता डेनिस बोव्हेल, लंडनच्या रेगे संगीतातला (मूळ जमैकाचं, बेसवर झुलणारं संगीत) जाणता माणूस. आरी आणि टेसाला रेगेचं वेड होतंच. बोव्हेलनं त्यांच्या वेगवान, दणदणाटी गाण्यांतून हवा खेळू दिली. टेसाचा बेस पुढे आणला, विव्हची गिटार ओरखड्यासारखी मधूनमधून येऊ दिली आणि बाकीचं मोकळं ठेवलं. 'न्यूटाउन' हेडफोन लावून ऐका: काडेपेटीचा आवाज, खाली पडणारा चमचा, हेच तिथे तालवाद्य झालंय. या मोकळ्या जागेत आरीचा आवाज हवा तसा हुंदडतो. किंचाळतो, खिदळतो, लाडात येतो, मध्येच जर्मन वळण घेतो. 'शॉपलिफ्टिंग'मध्ये तर चोरी करून पळत सुटलेल्या मुलींचा दमच आपल्याला लागतो. या अल्बममधल्या मुली जगाकडे तोंड करून उभ्या आहेत. 'टिपिकल गर्ल्स' हे त्याचं शिखर: चारचौघींसारखी मुलगी कशी असते याची यादी गात गात त्या विचारतात, हिला घडवलं कोणी? आणि गाण्याची लय इतक्यांदा उलटीपालटी होते की कुठल्याच साच्यात बसायचं नाही, हे शब्दांआधी ठेकाच सांगून जातो.

एक गंमत इथेच सांगतो. 'कट'वरचा ड्रमर पुरुष आहे. पामॉलिव्ह त्याआधीच वेगळी झाली होती, म्हणून लिव्हरपूलच्या बँडांत वाजवणारा बजी आला, जो पुढे सूझी अँड द बॅनशीज या बँडमध्ये नावारूपाला आला. मुखपृष्ठावर तिघीच दिसतात त्या यामुळे. अंगाला चिखल फासलेल्या, कमरेला कापड गुंडाळलेल्या, कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. पेनी स्मिथनं काढलेला हा फोटो इतका गाजला की संगीत मागे पडलं, याचं मला वाईट वाटतं.

रेनकोट्सचा अल्बम उभा आहे व्हायोलिनवर आणि एकमेकींत मिसळणाऱ्या आवाजांवर. व्हिकी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं शिक्षण घेतलेली, पण ती गोड वाजवत नाही. तिचं व्हायोलिन कुरकुरतं, घासतं, सुराला चिकटून बसतं. स्लिट्समध्ये एक गायिका आणि तिच्या मागे टोळी. इथे मुख्य गायिका अशी कुणी नाहीच. एक ओळ सुरू करते, दुसरी ती मध्येच उचलते, तिसरी वेगळंच काही म्हणते. 'नो साइड टू फॉल इन'मध्ये तर वाद्यं बाजूला होतात आणि नुसते आवाज उरतात. लय डगमगते, सगळ्या कधी पुढेमागे होतात, पण कुणी कुणाला सोडून जात नाही. एका स्वयंपाकघरात चौघी एकदम बोलत असाव्यात आणि तरी प्रत्येकीला प्रत्येकीचं ऐकू यावं, तसं हे संगीत आहे. रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीच्या जेफ ट्रॅव्हिस आणि मेयो थॉम्पसन यांनी बँडसोबत निर्मिती केली, आणि हा डगमगता ठेका त्यांनी सरळ करायला घेतला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

रागही इथे वेगळ्या जातीचा. 'ऑफ ड्यूटी ट्रिप' एका सैनिकानं केलेल्या बलात्काराबद्दल आहे, आणि त्याच्या कारकिर्दीची काळजी वाहणाऱ्या न्यायालयाबद्दल. घोषणा नाही, आरडाओरडा नाही, पण ऐकताना पोटात गोळा येतो. 'इन लव्ह'मध्ये प्रेमात पडणं म्हणजे जवळजवळ आजारपण. आणि द किंक्स या पुरुषांच्या बँडचं 'लोला'! पुरुषानं म्हणायचं गाणं या बायका शब्द न बदलता गातात. मुळात स्त्री-पुरुष ओळखीच्या गुंत्याबद्दलचंच ते गाणं. त्यावर आणखी एक पीळ बसतो.

दोन्ही अल्बमवर असलेलं ते एक गाणं लागोपाठ ऐकलं, की आतापर्यंतचं सगळं बोलणं कानाला पटतं. 'ॲडव्हेंचर्स क्लोज टू होम'मध्ये डॉन किहोतेचं (स्पॅनिश कादंबरीतला स्वप्नाळू सरदार) स्वप्न डोक्यात घेऊन काँक्रीटच्या मुलखात ड्रॅगनशी लढायला निघालेली मुलगी आहे. स्पेनहून लंडनला आलेल्या पामॉलिव्हला ते शोभतंच. 'कट'वर ते अगदी शेवटी येतं, सावकाश, बेसच्या तालावर झुलत. लढाई आटोपून रमतगमत परतल्यासारखं. रेनकोट्सकडे ते दुसरंच गाणं आहे आणि ड्रमवर खुद्द पामॉलिव्ह. झांजांना फारसा हात न लावता ती टॉमवर, म्हणजे ड्रम संचातल्या ढोलांवर, धडाधड हाणते, व्हायोलिन मागून रेटतं, आणि स्लिट्सला जेवढा वेळ लागतो त्याच्या बऱ्याच आधी गाणं संपूनही जातं. इथे लढाई चालू आहे. स्लिट्सची आवृत्ती जास्त सुंदर, रेनकोट्सची जास्त खरी. मला विचाराल तर दुसरी.

अल्बम झाल्यावर पामॉलिव्ह रेनकोट्सही सोडून भारताच्या प्रवासाला निघाली. तिच्या जाण्यानं रेनकोट्स बदलला. १९८१ च्या 'ओडिशेप' या अल्बमची गाणी बरीचशी ड्रमशिवाय रचली गेली, ठेका नंतर निरनिराळ्या वादकांनी भरला. त्यात रॉबर्ट वायट आणि चार्ल्स हेवर्ड होते. तो अल्बम पहिल्याहूनही धाडसी आहे, फक्त तिथून सुरुवात करू नका. त्याच वर्षी स्लिट्सचा 'रिटर्न ऑफ द जायंट स्लिट्स' आला आणि मग बँड फुटला.

रेनकोट्सची आठवण पुन्हा जागी केली निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं. १९९२ मध्ये तो त्यांचा पहिला अल्बम शोधत लंडनला ॲना काम करत होती त्या जुन्या वस्तूंच्या दुकानापर्यंत पोचला. १९९३ मध्ये अल्बम पुन्हा निघाला तो त्याच्या टिपणासह. आज बहुतेक ठिकाणी मिळते ती ही वाढीव आवृत्ती, आणि तिथे आणखी एक फसगत होते. पहिलं गाणं 'फेअरीटेल इन द सुपरमार्केट' हे मूळ रेकॉर्डवर नव्हतंच, तो आधी आलेला स्वतंत्र सिंगल होता. तसंच 'कट'च्या नव्या आवृत्त्यांत ऐकू येणारं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' हे 'टिपिकल गर्ल्स' सिंगलच्या मागच्या बाजूचं. दोन्ही गाणी अफलातून आहेत, पण पहिल्यांदा ऐकताना ती बाजूला ठेवा. रेनकोट्स 'नो साइड टू फॉल इन'पासून सुरू करा आणि 'कट' 'ॲडव्हेंचर्स'वर थांबवा.