घोंगडीची निगा

घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचे, हातमागावर विणलेले जाड पांघरूण किंवा अंथरूण. सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या मेंढपाळांच्या तालुक्यांत तिचा वापर जुना आहे. मेंढ्या राखायच्या धनगरांनी आणि घोंगडी विणायची सणगरांनी, अशी कामाची वाटणी असे. पंढरपुरात वारकरीही ती विकत घेतात. शहरातल्या घरांत आता ती अंगावर कमी आणि जमिनीवर जास्त दिसते, बैठकीला किंवा पूजेला अंथरलेली.

सोलापूरचे नाव चादरीसाठी, आणि घोंगडीचे बरेचसे नुकसान चादरीच्या सवयीमुळेच होते. चादर सुती असते. ती गरम पाण्यात सोडा टाकून भिजवली, धोपटली, पिळली, तरी पुन्हा उभी राहते. लोकर आपल्या केसांसारखीच केराटिन या प्रथिनाची बनलेली असते आणि तिच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. वॉशिंग मशिनमधून निघालेली घोंगडी पाहिली की हे लगेच कळते : वीण दिसेनाशी झालेली, कडा आत वळलेल्या, अंग पुठ्ठ्यासारखे. असे आटलेले कापड पूर्ववत होत नाही. कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्क्यांच्या उकळत्या द्रावणात तर लोकर काही मिनिटांत विरघळून जाते आणि सूत मात्र टिकते. धुण्याचा सोडा इतका जहाल नाही, पण लोकरीचा वैरीच. क्लोरीनच्या ब्लीचचेही तेच.

म्हणून घोंगडी धुण्यापेक्षा झटकावी. दोघांनी चार टोके धरून झटकायची, मग बाजेवर पालथी टाकून काठीने हलके झोडपायचे. वरचेवर अंथरली जात असेल तर हे आठवड्याला करावे. वीणीत बसलेली रेती पायाखाली तंतू कापत राहते, हे डोळ्यांना दिसत नाही एवढेच. व्हॅक्यूम क्लीनर चालतो, फक्त त्याचा फिरता ब्रश लावू नये.

भंडाऱ्याचे डाग हा इथला खास प्रश्न. मंगळवेढा तालुक्यात हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत भंडारा आणि लोकर उधळतात, आणि तिथून परतलेली घोंगडी पिवळीधमक असते. तिला आधी पाणी लावू नये. कोरडी झटकून मऊ ब्रशने हळद काढावी. साबण लागला की हळद लाल होते. घाबरून आणखी साबण घासणारे पुष्कळ. उरलेला पिवळेपणा उन्हाने उतरतो. मात्र काळ्या घोंगडीला फार दिवस ऊन दिले तर तीही तांबूस पडते, तेव्हा डागाचा भाग तेवढा उन्हात ठेवावा.

चहा सांडला तर कोरडे सुती फडके दाबून टिपून घ्यावे, चोळू नये.

धुणे वर्षा-दोन वर्षांतून एकदा पुरे. त्यासाठी रिठ्याइतके सोयीचे काही नाही. मूठ-दोन मुठी रिठे फोडून, बिया काढून, रात्रभर भिजवावेत आणि कुस्करून पाणी गाळून घ्यावे. बोअरचे जड पाणी असेल तर साबणाचा चोथा लोकरीत चिकटून बसतो, रिठ्याचा तसा बसत नाही. गार पाण्यात घोंगडी बुडवून हाताने किंवा पायाने फक्त दाबायची. दोन-तीन पाण्यांतून काढल्यावर शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकले तर चालते, कारण लोकरीला किंचित आंबटपणा मानवतो. नव्या घोंगडीच्या पहिल्या पाण्याला बुळबुळीतपणा येतो. तो मळ नव्हे. विणताना ताण्याला लावलेली चिंचोक्याची खळ सुटते. ती निघाली की घोंगडी मऊ पडते.

भिजलेली घोंगडी एकट्याला उचलत नाही. ती पिळू नये आणि दोरीवरही टाकू नये, स्वतःच्या भाराने लांबते. बाजेवर सावलीत, वाऱ्याला पसरावी व मधूनमधून उलटावी. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे. पावसाळ्यात धुतलेली घोंगडी आतून ओली राहून कुबट होते, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल हाताला ओली न लागता धरून ठेवते.

कसर लागते ती बंद पेटीत. पतंग स्वतः लोकर खात नाही, त्याच्या अळ्या खातात, आणि त्यांना अंधार, शांतता व घामाचे डाग आवडतात. ठेवण्यापूर्वी घोंगडी स्वच्छ आणि खडखडीत वाळलेली हवी. कडुनिंबाचा पाला घालण्याची पद्धत आहे. त्याने पतंग थोडा दूर राहील, आत शिरलेल्या अळ्या मरणार नाहीत. डांबरगोळ्या ठेवलेले पांघरूण तान्ह्या बाळाला कधीच घालू नये, काही बाळांना त्याने रक्तक्षय होतो. लहान आसनाला कसर लागली असेल तर ते प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावे. मोठ्या घोंगडीसाठी दर महिन्याला उलगडून उन्हात झटकणे हाच उपाय. भोक पडलेच तर त्याच रंगाच्या लोकरीच्या धाग्याने ते रफू करावे. सुती दोरा धुतल्यावर लोकरीबरोबर आटत नाही आणि भोवती चुण्या पडतात.