टाकीतल्या माशांना ताजी भाजी: कोणाला, किती आणि किती वेळ

कच्च्या काकडीची चकती टाकीत सोडली की ती तरंगत राहते आणि तळाशी वावरणारा सकर मासा तिच्याकडे फिरकतही नाही. पेशींमधल्या बारीक पोकळ्यांत हवा अडकलेली असते. उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवल्यावर ही हवा बरीचशी निघून जाते. शिवाय पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं, आणि माशाच्या दृष्टीने हे जास्त मोलाचं. सकर मासा तोंडातल्या बारीक दातांच्या रांगांनी अन्न खरवडतो, गोल्डफिश ते घशातल्या दातांनी चुरडतो. पेशींच्या भिंतींतलं सेल्युलोज पचवण्याचं काम बहुतांशी आतड्यातल्या सूक्ष्मजीवांवर अवलंबून असतं आणि तेही मर्यादितच होतं. त्यामुळे पेशींच्या भिंती आधीच मऊ झालेल्या असल्या, तर आतलं पोषण माशाच्या हाती लागण्याची शक्यता वाढते.

पण हे प्रत्येक माशासाठी नाही. शेवाळ खाणाऱ्या माशांचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब आणि गुंडाळी केलेलं असतं, तर मांसाहारी माशांचं अनेकदा शरीरापेक्षाही आखूड. ब्रिसलनोझ प्लेको (सकर माशाचीच एक लहान जात), ओटोसिन्क्लस (शेवाळ खाणारा इवलासा सकर), मॉली, सिल्व्हर डॉलर, मलावी सरोवरातले शेवाळखाऊ सिक्लिड आणि गोल्डफिश यांना भाजी मानवते. बेटा म्हणजे फायटर हा मुळात कीटक खाणारा मासा आहे. त्याचं पोट फुगलं की मटार द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे. फायटरला एक-दोन दिवस उपाशी ठेवून मग डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, द्यावेत. त्यांचं कवच तंतूंचं काम करतं.

तयारीला फारसा वेळ लागत नाही. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कीटकनाशकांतली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माशांना अत्यंत विषारी असतात आणि कोळंबी तर त्यांच्या अंशानेही मरते, म्हणून शंका असेल तर साल सरळ काढून टाका. काकडी किंवा झुकिनीची साधारण १ सेंटीमीटर जाडीची चकती कापून उकळत्या पाण्यात १ ते २ मिनिटं ठेवा आणि लगेच गार पाण्यात टाका. पालकाला अर्धा मिनिट पुरतो. गाजर आणि रताळं टणक असतात, त्यांना ५ मिनिटं किंवा जास्तच लागतात. पाण्यात मीठ घालायचं नाही. मटार उकडून साल काढा आणि दाण्याच्या दोन फाका करा. माशाचं तोंड लहान असेल तर चुरडूनच द्या. गोठवलेला मटार गोठवण्याआधीच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, शिवाय बर्फाच्या स्फटिकांनी त्याच्या पेशी फुटलेल्या असतात. तो कोमट पाण्यात ठेवला तरी भागतं. डब्यातला मटार मात्र नको, त्यात बहुधा मीठ असतं.

चकती तळाशी राहावी म्हणून ती स्टीलच्या काट्या-चमच्याच्या काट्यात खोचून सोडा. तांब्याची तार किंवा जस्ताचा मुलामा असलेली क्लिप वापरू नका. हे धातू पाण्यात विरघळतात आणि कोळंबी-गोगलगायींना लवकर बाधतात.

प्रमाणाचं म्हणाल तर १० ते १२ सेंटीमीटरच्या एका ब्रिसलनोझला एक चकती, आठवड्यातून दोन-तीनदा. मोठ्या गोल्डफिशला एका वेळी दोन-तीन मटार, आठवड्यातून एक-दोनदा. याहून जास्त देण्यात फायदा नाही. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं आणि १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १ ग्रॅमही भरत नाहीत. मटारात ती ५ ग्रॅमच्या आसपास असतात. नुसत्या काकडीवर ठेवलेला सकर पोट भरलेलं दिसूनही हळूहळू खंगत जातो. मुख्य खाणं माशांच्या तयार खाद्याच्या दाण्यांचं किंवा शेवाळाच्या वड्यांचंच हवं.

उरलेली भाजी किती वेळ ठेवायची, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. काकडीत प्रथिनं इतकी कमी की तिच्यापासून माशांना विषारी असलेला ॲमोनिया फारसा होत नाही. उरलेले मांसाहारी खाद्याचे दाणे त्याबाबतीत कितीतरी वाईट. भाजीचा धोका वेगळा आहे. तिच्यातून झिरपणाऱ्या साखरेवर जिवाणू भराभर वाढतात, पाणी दुधाळ होतं आणि हे जिवाणू प्राणवायू संपवत जातात. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, तयार करत नाहीत. म्हणून सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसले तर उरलेली भाजी काढा, हवेचा पंप जोरात लावा आणि २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असावं. एरवी सकर रात्री खातो म्हणून चकती दिवा मालवल्यावर सोडावी आणि सकाळी काढावी. पालक लवकर विरघळतो, तो चार-पाच तासांत बाहेर. ४० लिटरपेक्षा लहान टाकीत तर याहूनही आधी काढलेलं बरं.

मासा पहिल्या दिवशी भाजीला तोंड लावेलच असं नाही. दाण्यांवर वाढलेल्या माशाला हिरवी चकती अन्न वाटत नाही. त्या संध्याकाळी दुसरं खाणं न देता तीन-चार वेळा प्रयत्न करावा. ओटोसिन्क्लसच्या बाबतीत मात्र असा हट्ट धरू नये. ते बहुधा नैसर्गिक पाण्यातून पकडून आणलेले असतात आणि टाकीत येतानाच उपाशी असतात. पोट आत गेलेलं दिसलं तर आधी टाकीतलं शेवाळ त्यांना खाऊ द्या, काच घासू नका.

गोल्डफिश उलटा होऊन तरंगू लागला की मटार द्यायचा, हा उपाय अर्धा खरा आहे. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. कोरड्या दाण्यांनी बद्धकोष्ठ झाला असेल, तर एक-दोन दिवस उपास आणि नंतर मटार यांनी फरक पडतो. पण वाताशयाचा, म्हणजे माशाला तरंगायला मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीचा, संसर्ग झालेला असेल किंवा आखूड, गोल शरीराच्या जातीत तो अवयवच वेडावाकडा वाढलेला असेल, तर मटाराने काहीही होत नाही. तीन-चार दिवसांत सुधारणा नसेल तर मटार थांबवून आधी पाण्यातला ॲमोनिया आणि नायट्राइट तपासा.

टाकीत गोगलगायी फार झाल्या असतील तर हीच चकती सापळ्याचं काम करते. रात्री सोडा, सकाळी गोगलगायींसकट उचला.