स्किड की ट्रॉली? डिझेल वेल्डिंग सेटखाली नेमकं काय बसवायचं

स्किड म्हणजे सेट जमिनीवर टेकवून ठेवणारी बिनचाकी फ्रेम, ट्रॉली म्हणजे चाकांवरची. वरून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. दोन लांब चॅनेल, मध्ये आडवे तुकडे, वर चेकर प्लेट आणि त्यावर बोल्टांनी आवळलेला सेट. म्हणूनच बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेच्या शेडमध्ये स्किडची ऑर्डर देताना गिऱ्हाईक जाता जाता "दोन चाकं पण लावून टाका" म्हणतं, आणि इकडं कुणीतरी ट्रॉलीला चार हुक जोडून ती क्रेननं उचलतं. काही दिवस दोन्ही चालतं. मग फ्रेम तुटते, आणि दर वेळी ठरलेल्या जागीच तुटते.

फरक आहे तो वजन जमिनीत कसं उतरतं याचा. स्किड टेकलेला असताना वजन दोन्ही रनरच्या (खाली टेकणाऱ्या लांब चॅनेलच्या) सगळ्या लांबीवर पसरतं. उचलला की तेच वजन चार कोपऱ्यांवर लटकतं आणि फ्रेमचं पोट खाली येऊ पाहतं. ट्रॉलीत वजन अॅक्सल आणि दांडीचा हुक एवढ्यावरच असतं. चॅनेल अॅक्सलवर उलटा वाकू पाहतो आणि प्रत्येक खड्ड्यात दांडीच्या मुळाशी झटका बसतो. त्यामुळं स्किडचा जीव उचलायच्या कानात (हुक-शॅकल अडकवायच्या भोकाच्या प्लेटांत) आणि आडव्या चॅनेलच्या जोडात, तर ट्रॉलीचा अॅक्सलच्या ब्रॅकेटात आणि दांडीच्या मुळात. एका कामासाठी मजबूत केलेली जागा दुसऱ्या कामात उपयोगी पडत नाही.

आकडे धरून बोलू. समजा सेट ४५० किलोचा आहे (तुमच्या सेटचं वजन पाटीवर पाहा, अंदाज नको). ३० मीटरच्या दोन ५० चौरस मिमी तांब्याच्या केबल मिळून साधारण ३५ किलो, १५ लिटर डिझेल १२-१३ किलो, रॉडचे पुडे आणि हत्यारं १५ किलो. स्किड स्वतः १३०-१४० किलो. म्हणजे एकूण ६५० किलोच्या आसपास, आणि पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर.

जमिनीचा प्रश्न आपल्याकडं फार मोठा आहे. अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या रानात, दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या पाणीउपशाच्या लाइनवर पावसानंतर ट्रॉली नेऊन बघा. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर टायर जमिनीवर ढोबळमानानं तेवढाच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब देतो. १०० मिमीच्या चॅनेलची ५० मिमी रुंद पट्टी खाली टेकलेला स्किड सुमारे ०.४ किलो देतो. त्याच रनरखाली १५० मिमी रुंद, ८ मिमी जाड पट्टी लावली तर दाब ०.१५ च्या आत येतो. या पट्टीनं ३४ किलो वजन वाढतं, पण काळ्या मातीत ती हवीच. खानापूरकडच्या तांबड्या कठीण जमिनीवर किंवा कारखान्याच्या काँक्रीटवरच काम असेल तर ती वगळायला हरकत नाही.

आता स्किडची बांधणी. रनरला आयएसएमसी १०० (भारतीय मानकाचा १०० मिमी उंच मध्यम) चॅनेल, प्रत्येकी १.८ मीटर, मीटरला साधारण साडेनऊ किलो, म्हणजे दोन्ही मिळून ३४ किलो. चॅनेलची पाठ बाहेर आणि तोंड आत ठेवा, म्हणजे आडवे तुकडे आत नीट बसतात. दोन्ही टोकं खालून ४५ अंशांत कापून तिरक्या जागी पट्टी वळवून लावा, नाहीतर ओढताना स्किड नांगरासारखा माती खणत जातो. आडवे तुकडे आयएसएमसी ७५ चे, ७०० मिमीचे चार. त्यातले दोन नेमके सेटच्या पायांखाली यायला हवेत. आधी सेटच्या पायांची भोकं मोजा, मग चॅनेल कापा. ही क्रम उलटा करण्याची सवय फार आहे; मग बोल्ट चॅनेलमधून न जाता नुसत्या ३ मिमीच्या चेकर प्लेटमधून जातो आणि प्लेट कंपनानं भोकापाशी फाटते.

बोल्ट १२ मिमीचे, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसह. या चॅनेलची आडवी पट्टी (फ्लँज) आतून उतरती असते, त्यामुळं साधा वॉशर एका कडेवर टेकतो, बोल्ट वाकतो आणि कितीही आवळला तरी सैल होत राहतो. तिथं पाचरीसारखा टेपर वॉशरच पाहिजे. दहापैकी नऊ स्किडवर तो दिसत नाही, आणि "सेट लई हादरतोय" या तक्रारीचं मूळ बरेचदा तिथंच असतं. चारही पाय एका पातळीत टेकतात का ते बोल्ट आवळण्याआधी फीलर (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. फट असेल तिथं शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घाला. बोल्टानं ओढून फट बुजवली तर सेटची बेस फ्रेमच पिळली जाते.

चेकर प्लेट सलग वेल्ड करू नका, ती केळ्यासारखी वाकेल. ५० मिमी वेल्ड, १५० मिमी मोकळं, आणि समोरासमोरच्या बाजूंनी आलटून पालटून. पाणी निघायला कोपऱ्यात भोकं ठेवा. डिझेल टाकीखाली मात्र भोक नको. तिथं टाकीत मावतं त्यापेक्षा थोडं जास्त मावेल असा ट्रे आणि त्याला ड्रेन प्लग.

उचलायचे कान हा सगळ्यात जोखमीचा भाग. १२ मिमी प्लेट, भोक ड्रिलनं पाडलेलं. गॅसनं पाडलेल्या खडबडीत भोकाच्या काठावर चीर सुरू होते. २ टनी बो-शॅकलची पिन १६ मिमीची असते, तिला १८ मिमीचं भोक पुरे. भोकाच्या काठापासून प्लेटच्या काठापर्यंत किमान २५ मिमी माल राहू द्या. कान जिथं आडवा चॅनेल रनरला मिळतो तिथंच लावा. मधल्या मोकळ्या जागी लावला तर रनरचा ५ मिमीचा पातळ वेब (चॅनेलची उभी पाठ) पिळवटतो. वेल्ड ७०१८ रॉडनं, दोन्ही बाजूंनी ५ मिमी फिलेट (कोपऱ्यात भरलेला वेल्ड). हे रॉड ओल धरतात, आणि खानापूरच्या पावसाळ्यात उघडा पुडा एका रात्रीत बिघडतो. ओव्हनमध्ये तापवलेलेच वापरा. बाकी फ्रेमला ६०१३ चालतो.

स्लिंग (क्रेनच्या हुकाला अडकवायचे दोर किंवा साखळ्या) चार पायांची असली तरी वजन दोनच पायांवर येणार असं धरायचं, कारण ताठ फ्रेमवर चारही पाय सारखे ताणले जात नाहीत. पाय जमिनीशी ६० अंशांत असतील तर ६५० किलोसाठी प्रत्येकावर सुमारे ३७५ किलो येतात. स्लिंग आखूड म्हणून कोन ३० अंशांवर आला तर प्रत्येकावर पूर्ण ६५०, आणि वर कॅनॉपीही (सेटचं पत्र्याचं झाकण) चेपते. सेटच्या माथ्यावर कंपनीनं दिलेला हुक फक्त सेटपुरता असतो. त्याला धरून स्किड, केबल, पेटी सगळं उचलू नये; मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, वाचतं कोण!

वजनाचा मध्य सेटच्या लांबीच्या मध्यावर नसतो. सेट एका पाइपवर ठेवून तोल सांभाळून खूण करा आणि कान त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर घ्या. ओढण्याची कडी वेगळी, रनरच्या पुढच्या टोकाला, खाली. उचलायच्या कानाला साखळी बांधून ट्रॅक्टरनं आडवं ओढलं तर कान वाकतो, आणि पुढच्या वेळी तोच वाकलेला कान क्रेनला लागतो.

ट्रॉलीत दोन प्रकार आहेत आणि तेही एकमेकांत मिसळले जातात. हातानं ढकलायची असेल तर वजन जवळपास अॅक्सलवर तोलून दांडीवर २०-२५ किलोच ठेवावे लागतात. वाहनामागं ओढायची असेल तर दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ६५ ते ९५ किलो हवेत; कमी असेल तर वेगात शेपूट डोलायला लागतं. हाताची ट्रॉली पिकअपच्या हुकाला अडकवणं म्हणूनच धोक्याचं.

त्यात कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. रस्त्यावर ओढायची म्हणजे नोंदणी, नंबर पाटी, मागचे दिवे आलेच. निपाणीहून कोगनोळीची राज्यसीमा ओलांडून कागल-कोल्हापूरकडं कामं घेणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. पिकअपच्या हौद्यात बांधलेला स्किड हा नुसता माल असतो. रनरखाली रबरी मॅट घालून चार कोपरे रॅचेट पट्ट्यांनी आवळले की झालं.

आमचं मत सरळ आहे: रानात, नदीकाठी आणि दोन राज्यांत काम असेल तर स्किड. गळीत हंगामानंतरच्या दुरुस्तीसाठी एकाच कारखान्याच्या आवारात महिनाभर फिरायचं असेल तर हाताची ट्रॉली, थांबल्यावर चाकांना दगड नव्हे तर पाचर आणि दांडीखाली स्टँड लावून. शेडमध्येच हलवायला चाकं हवी असतील तर स्किडला पिनेनं काढता येणारे कॅस्टर करा. फरशी सपाट नसल्यानं वजन तीनच चाकांवर येतं असं धरा; ६५० भागिले ३ म्हणजे सुमारे २१७, म्हणून प्रत्येक कॅस्टर किमान २५० किलोचा.

सेट बसवल्यावर फ्रेमला काही जोडायचं राहिलं असेल तर बॅटरीच्या तारा सोडवा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डशेजारीच लावा. लांब लावला तर करंट अल्टरनेटरच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो. आणि रबरी टायरवरची ट्रॉली असो वा मातीत टेकलेला स्किड, सेटवरून ग्राइंडर किंवा मोटर चालवताना नुसतं टेकणं म्हणजे अर्थिंग नव्हे. त्याची जोडणी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणं वेगळी करावी लागते.