फ्लशिंग आणि स्टीमिंग अप: मेंढीच्या दोन जादा खुराकांतला फरक
मेंढीला एका वेतात दोनदा जादा खुराक द्यायला सांगतात. एकदा नर सोडायच्या सुमारास, आणि पुन्हा वीण जवळ आल्यावर. पहिल्याला फ्लशिंग म्हणतात, दुसऱ्याला स्टीमिंग अप. दोन्ही वेळी भरडा तोच आणि मापही बहुधा तेच, त्यामुळे अनेक जण दोन्हीला सरसकट ‘गाभणीचा खुराक’ म्हणतात आणि पोटं दिसू लागली की जुळ्यांच्या आशेनं तो सुरू करतात. पण जुळी होणार की नाही हे तोवर केव्हाच ठरून गेलेलं असतं.

ते ठरतं माजात. मेंढी साधारण १७ दिवसांनी माजावर येते आणि माज एक ते दीड दिवस टिकतो. त्या वेळी अंडाशयातून एक बीज सुटलं तर एक कोकरू, दोन सुटली तर जुळ्यांची शक्यता. किती सुटणार हे जातीवर आणि वयावर असतंच, पण मेंढी अंगानं कशी आहे आणि सध्या भरत चालली आहे की उतरत, यावरही असतं. खाण्यातली ऊर्जा वाढली की रक्तातलं ग्लुकोज आणि इन्सुलिन वाढतं, आणि एरवी मागे पडून विरून गेली असती अशी काही बीजपुटकं (अंडाशयातल्या, बीज वाढवणाऱ्या पिशव्या) टिकून पक्व होतात. फ्लशिंगचं काम एवढंच: सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढवणं.

म्हणून ते नर सोडण्याआधी २ ते ३ आठवडे सुरू करायचं. चांगल्या कुरणात चारायचं, किंवा नेहमीच्या चाऱ्यावर रोज २५० ते ५०० ग्रॅम धान्य वा भरडा द्यायचा. हे माप पहिल्याच दिवशी गाठू नये. एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल वाढतं आणि मेंढी चारा सोडते.

सगळ्यात मोठी चूक मात्र पुढे होते. नर मेंढ्यांवर चढताना दिसला की काम झालं असं समजून भरडा बंद केला जातो. कळपातल्या सगळ्या मेंढ्या एका दिवशी माजावर येत नाहीत. प्रत्येकीला एक संधी मिळायलाच अडीच आठवडे लागतात. शिवाय फळलेल्या मेंढीचा गर्भ पंधराव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयाला चिकटू लागतो आणि नीट रुजायला महिना घेतो. त्या महिन्यात खाणं अचानक तुटलं, लांबची चाल झाली किंवा लोकर कातरायला धरपकड झाली, तर गर्भ विरून जाऊ शकतो. मेंढी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, आणि दोष नराला लागतो. तेव्हा नर सोडल्यानंतरही २ ते ३ आठवडे खुराक तसाच चालू ठेवावा. तो आणखी वाढवूही नये, कारण फळल्यानंतर अति खाण्यानं गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन रक्तात कमी होतं.

फ्लशिंग सगळ्यांनाच लागू पडत नाही. त्यासाठी हात लावूनच पाहावं लागतं, कारण लोकरीखाली हाडकुळी मेंढीही गुबगुबीत दिसते. शेवटच्या बरगडीमागे कमरेच्या मणक्यावर बोटं दाबून १ (हाडकुळी) ते ५ (लठ्ठ) असे गुण देतात. २ ते अडीच गुणांच्या मेंढीत फ्लशिंगचा परिणाम सर्वांत चांगला दिसतो. साडेतीनच्या वरच्या मेंढीला दिलेला भरडा बहुतेक वाया जातो. दोनच्या खालची मेंढी तीन आठवड्यांत सावरणार नाही. एक गुण चढायला ६ ते ८ आठवडे लागतात. म्हणून माझ्या मते खरी तयारी कोकरं दुधावरून तोडल्यावर, नर सोडण्याच्या दोन महिने आधीच सुरू व्हायला हवी. त्याच वेळी नरालाही तपासावं, कारण त्याचं वीर्य तयार व्हायला सुमारे ७ आठवडे जातात. फ्लशिंगसाठी हिरवं कुरण निवडताना लाल क्लोव्हर हा द्विदल चारा टाळावा. त्यातली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं फळण्यातच आडवी येतात.

स्टीमिंग अप संख्येसाठी नसतं. ते पोटात असलेल्यांसाठी असतं. गाभणकाळ साधारण १४७ दिवसांचा, आणि गर्भाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या ६ आठवड्यांत होते. कासही तेव्हाच भरते आणि चिकाची तयारी होते. पण वाढत्या गर्भामुळे पोटात चाऱ्याला जागा कमी उरते, म्हणून थोडक्यात जास्त ऊर्जा देणारा खुराक लागतो. जुळी असलेली मेंढी इथे कमी पडली तर अंगातली चरबी जाळते, त्यातून तयार होणारी किटोन नावाची द्रव्यं रक्तात साठतात, ती कळपापासून अलग उभी राहते आणि खाणं सोडते. तेव्हा जीवही जातो. उलट एकच कोकरू असलेल्या धष्टपुष्ट मेंढीला भरपूर खुराक दिला तर कोकरू इतकं मोठं होतं की विताना अडतं. सोनोग्राफीची सोय असेल तर जुळ्यांच्या मेंढ्या वेगळ्या काढून त्यांनाच जास्त द्यावं.

फ्लशिंग जितकं चांगलं साधेल तितकी जुळी जास्त, आणि तितका हा दुसरा खुराक अधिक गरजेचा. पहिला देऊन दुसरा टाळला तर आपणच वाढवलेली कोकरं अशक्त जन्मतात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत दगावतात.

दुसरा खुराक कधी सुरू करायचा हे पोटाकडे पाहून नेमकं कळत नाही. त्यासाठी नराच्या छातीला रंग लावतात. ज्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर रंग उमटला तिची तारीख लिहून ठेवायची. १६-१७ दिवसांनी रंग बदलायचा. दुसरा रंग उमटला तर ती उलटली, मग तारीख दुसरी धरायची. त्या तारखेत १०५ दिवस मिळवले की तिच्या दुसऱ्या खुराकाचा दिवस येतो.