बनावट नोकरी-प्रस्ताव (ऑनलाइन) : इंदूरच्या संदर्भात

बनावट नोकरी-प्रस्ताव : अस्तित्वातच नसलेल्या किंवा देणाऱ्याच्या अधिकारात नसलेल्या नोकरीचे आमिष इंटरनेट, व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा फोनवरून दाखवून उमेदवाराचे पैसे, कागदपत्रे, बँक खाते किंवा श्रम लुबाडण्याचा प्रकार. इंदूरच्या मराठी घरांतही याला हिंदीच्या सहवासाने ‘फर्जी नोकरी’ किंवा सरळ ‘ठगी’ म्हणतात. पगार वेळेवर न देणारी किंवा वाईट वागवणारी नोकरी या व्याख्येत येत नाही. इथे नोकरी मुळात नसतेच, असते ते फक्त तिचे पत्र.

इंदुरात या प्रकाराला भरपूर वाव मिळतो, आणि त्याचे कारण शहराच्या घडणीतच आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय, देवी अहिल्या विश्वविद्यालय, भंवरकुआँ परिसरातील स्पर्धा परीक्षांचे क्लास, सुपर कॉरिडॉरवरील सॉफ्टवेअर कंपन्यांची संकुले आणि शेजारच्या धार जिल्ह्यातील पीथमपूरचे कारखाने यांमुळे माळवा-निमाडातील हजारो तरुण इथे खोली घेऊन राहतात आणि एकाच वेळी पाचसहा ठिकाणी अर्ज करून ठेवतात. आपण कुठे कुठे अर्ज केला होता हे ज्याला नीट आठवत नाही, त्याला ‘तुमची निवड झाली आहे’ असा फोन आला तर तो खोटा वाटत नाही. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर भागांतील मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मुले पुण्याला नोकरीला जाणार हे तिथे जवळजवळ गृहीत असते, त्यामुळे पुण्याहून बोलतो असे सांगणारा माणूस स्वच्छ मराठीत बोलू लागला की त्याची भाषाच त्याची ओळख ठरते. आपल्या प्रांताबाहेर राहणाऱ्या समाजाला आपल्या भाषेत बोलणाऱ्याबद्दल आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. फसवणारा नेमकी तीच वापरतो.

मुळात नोकरी ‘ओळखीने’ लागते, हा समज जुना आहे आणि तो निराधारही नव्हता. समाजातील एखादे काका एखाद्या कार्यालयात असत, ते चिठ्ठी देत, आणि त्या चिठ्ठीमागे त्यांची स्वतःची अब्रू उभी असे. आज तीच चिठ्ठी समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘फॉरवर्ड’ होऊन येते. पाठवणाऱ्या काकांनी ती वाचलेलीही नसते. कुणाच्या तरी मुलाचे भले व्हावे एवढ्याच हेतूने त्यांनी ती पुढे ढकललेली असते. वाचणाऱ्याला मात्र तिच्यावर काकांचे नाव दिसते आणि चौकशी झालेलीच असेल असे तो धरून चालतो. ओळखीचा विश्वास शिल्लक राहिला आणि ओळखीची जबाबदारी गळून पडली, हे या फसवणुकीचे सर्वांत खोल मूळ आहे.

दुसरे मूळ त्याहून जुने आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरती करणारा जॉबर नोकरी लावून देण्यासाठी ‘दस्तुरी’ घेत असे, आणि १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या शाही श्रम आयोगाने या प्रथेवर कडक टीका केली होती. नोकरीसाठी आधी काहीतरी द्यावे लागते, ही कल्पना त्यामुळे आपल्या कानांना अपरिचित नाही. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ हा शब्द ऐकून घरातले वडीलधारे चमकत नाहीत ते यामुळेच.

शुल्क मागणाऱ्या प्रकारातील नियुक्तिपत्र जवळून पाहण्यासारखे असते. वर एखाद्या मोठ्या कंपनीचे किंवा विमानतळाचे बोधचिन्ह असते, पण ते संकेतस्थळावरून उचलल्यामुळे कडेला पुसट झालेले. खाली गोल शिक्का आणि निळी सही. शिक्का वाकडा आहे, पण त्याची शाई कागदात मुरलेली दिसत नाही, कारण तो चित्र म्हणून चिकटवलेला आहे. मुलाखत झालेली नसते, किंवा दहा मिनिटांच्या फोनवर झालेली असते. पगार बाजारभावाच्या दीडपट, रुजू होण्याची तारीख जवळची, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘परत मिळणारी’ म्हणून दोन-अडीच हजारांची एक रक्कम, जी कंपनीच्या चालू खात्यात नव्हे तर कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर भरायची. ती भरली की गणवेशाचे, मग वैद्यकीय तपासणीचे, मग लॅपटॉपच्या विम्याचे पैसे निघतात. प्रत्येक मागणी आधी भरलेल्या एकूण रकमेपेक्षा लहान ठेवलेली असते, म्हणजे आता मागे फिरलो तर आधीचे सगळे बुडेल या भीतीने माणूस पुढची रक्कम भरतो.

सरकारी नोकरीच्या नावाने होणारी फसवणूक याच जातीची, फक्त रकमा लाखांत. २०२२ मध्ये तमिळनाडूतील किमान २८ तरुणांना रेल्वेत भरतीचे प्रशिक्षण म्हणून नवी दिल्ली स्थानकावर सुमारे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला बसवले होते. त्यांची भरती प्रत्यक्ष भेटीतून झाली होती, ऑनलाइन नव्हे. पण आपण फसलो आहोत हे महिनाभर कळू नये इतका नोकरीचा आभास निर्माण करता येतो, हे त्यावरून समजते. मागच्या दाराने नोकरीसाठी पैसे दिलेला माणूस आपणही दोषी ठरू या धास्तीने तक्रारीला जात नाही, आणि फसवणाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते.

‘टास्क’चा प्रकार वेगळ्या वाटेने येतो. घरबसल्या व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला पाच तारे द्या, असा संदेश अनोळखी क्रमांकावरून येतो, आणि पहिल्या दिवशी खरोखरच शंभर-दीडशे रुपये खात्यात जमा होतात. हे पैसे म्हणजे गळाला लावलेले खाद्य. मग टेलिग्रामच्या गटात घेतले जाते, तिथे इतर सदस्य आपापल्या कमाईचे फोटो टाकत असतात (ते बहुतेक त्याच टोळीचे असतात), आणि ‘प्रीपेड टास्क’ म्हणून आधी हजार भरून तेराशे मिळवण्याची योजना सुरू होते. पडद्यावर शिल्लक वाढत जाते, पण काढायला गेले की कर, दंड किंवा ‘तुमच्याकडून एक टास्क चुकला’ अशी कारणे पुढे येतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून डिसेंबर २०२३ मध्ये अशा प्रकारची शंभरहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. लक्ष्य ठरलेल्यांत निवृत्त, महिला आणि बेरोजगार तरुण यांचा मुख्यतः समावेश होता.

घरून डेटा एंट्रीचे काम देण्याच्या नावाखाली चालणारा प्रकार सर्वांत क्रूर म्हणावा लागेल, कारण त्यात पैशाबरोबर मनःस्वास्थ्यही जाते. आठ दिवसांत अमुक अर्ज भरा, नव्वद टक्के अचूकता हवी, अशा करारावर ऑनलाइन सही घेतली जाते, अचूकता नेहमीच कमी भरते, आणि मग ‘वकील’ फोन करून करारभंगाचा खटला आणि अटक यांची धमकी देत हजारो रुपये मागतो. काम न जमल्याबद्दल कुणालाही अटक होत नाही. करारभंग ही दिवाणी बाब आहे, आणि खरे समन्स न्यायालयाकडून येते, व्हॉट्सॲपवरच्या वकिलाकडून नव्हे.

काही प्रस्तावांत पैसे मागितलेच जात नाहीत, म्हणून ते निर्धोक वाटतात. ‘तुमच्या खात्यात कंपनीचे पैसे येतील, तुम्ही पुढे पाठवा आणि दोन टक्के ठेवा’ असे सांगितले जाते, तेव्हा येणारे पैसे दुसऱ्या कुणा फसलेल्याचे असतात. खाते गोठते आणि पोलिसांची चौकशी खातेदाराच्या दारात येते. परदेशातील नोकरीत तर माणूसच अडकतो. थायलंडमध्ये संगणकावरचे काम असे सांगून नेलेल्या भारतीयांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून राबवून घेतले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक जणांना परत आणावे लागले. परदेशी नोकरीचा दलाल उत्प्रवास अधिनियम १९८३ नुसार नोंदणीकृत असावा लागतो, त्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि त्याला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

पडताळणीचे मुख्य सूत्र एकच : नोकरीत पैसा मालकाकडून कामगाराकडे वाहतो, आणि प्रवाह उलटा झाला की तो प्रस्ताव तिथेच संपला असे मानावे, रक्कम दोनशे असो वा वीस हजार. यानंतरची तपासणी कागदाची. कंपनीच्या पत्रावर अक्षरे आणि अंक मिळून २१ चिन्हांचा नोंदणी क्रमांक (सीआयएन) असतो. त्यात राज्याची दोन अक्षरे आणि स्थापनेचे वर्ष असते. पत्रात ‘१९९८ पासून सेवेत’ लिहिले आहे आणि क्रमांकात २०२३ आहे, तर विचारायला हवे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, मध्य प्रदेशासाठी २३ आणि महाराष्ट्रासाठी २७. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळांवर हे क्रमांक टाकून पाहता येतात. मात्र ठग दुसऱ्या खऱ्या कंपनीचा क्रमांकही छापतात, म्हणून क्रमांक खरा निघाला तरी पत्र खरे ठरत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून आपण स्वतः शोधलेल्या फोनवर विचारणे हाच निर्णायक उपाय होय; पत्रावरच्या फोनवर विचारले तर उत्तर ठगच देणार. पीथमपूर किंवा सुपर कॉरिडॉरवरची कंपनी असेल तर फाटकापर्यंत जाऊन यावे. इंदुरात राहणाऱ्याला ही सोय आहे आणि तिचा उपयोग फार थोडे जण करतात. मेल सरकारी असेल तर पत्ता ‘गव्ह डॉट इन’ (gov.in) किंवा ‘निक डॉट इन’ (nic.in) असा संपतो. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या २०१५ पासूनच्या संकेतस्थळावर उमेदवाराची नोंदणी मोफत आहे.

फसवणूक झाल्यावर वेळ हीच सर्वांत मौल्यवान असते, कारण रक्कम काही तासांतच अनेक खात्यांतून पुढे सरकते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर (cybercrime.gov.in) तक्रार नोंदवावी, व्यवहार क्रमांक, तारीख आणि खाते हाताशी ठेवावे. गट सोडण्याआधी सगळ्या संभाषणाची छायाचित्रे काढून ठेवावीत, रागाच्या भरात चॅट पुसू नये. संशयास्पद फोनची नोंद दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत करता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६डखाली संगणकीय साधन वापरून तोतयेगिरीने फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवून मालमत्ता मिळवल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा कुठे घडला हा प्रश्न उभा राहिला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने फिर्याद (झीरो एफआयआर) नोंदवता येते. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी : रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे ग्राहक-संरक्षण नियम खातेदाराच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहेत; इथे पैसे आपणच पाठवलेले असल्याने बँकेकडून भरपाईचा हक्क सहसा मिळत नाही.

घरच्यांपासून लपवण्याची प्रवृत्ती इथे फार नुकसान करते. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून रक्कम दिलेला मुलगा आठवडाभर गप्प राहतो, आणि तोवर १९३० चा उपयोग संपलेला असतो. याच गप्प बसलेल्या माणसाकडे काही दिवसांनी आणखी एक फोन येतो. बोलणारा स्वतःला सायबर तज्ज्ञ किंवा वसुली अधिकारी म्हणवतो, बुडालेली रक्कम त्याला पैशापर्यंत बरोबर ठाऊक असते, आणि ती सोडवून देण्यासाठी तो आधी थोडे ‘प्रक्रिया शुल्क’ भरायला सांगतो.