अली श्रेष्ठ की मार्सियानो? युगांना जोडणाऱ्या लढतींचे गणित

20 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेतील चित्रपटगृहांत मुष्टियुद्धाची एक अजब लढत दाखवण्यात आली. सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्यामुळे रिंगणाबाहेर बसावे लागलेला मुहम्मद अली आणि 1956 मध्येच निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो यांच्याकडून लुटुपुटूच्या फेऱ्या खेळवून घेऊन, त्यांचे वेगवेगळे शेवटही आधीच चित्रित करून ठेवले होते. त्यांतला कोणता शेवट खरा मानायचा, हे संगणकाने ठरवले, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. मार्सियानो तेराव्या फेरीत नॉकआउटने जिंकला. चित्रीकरणानंतर विमान अपघातात मृत्यू पावल्यामुळे हा निकाल त्याला मात्र कळला नाही.

आज हीच करमणूक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने होते, आणि यंत्राने उच्चारलेला आकडा म्हणजे शास्त्र, ही समजूतही तशीच टिकून आहे. पत्रिकेतले छत्तीसपैकी अठ्ठावीस गुणही आकड्यातच असतात. तो आकडा कोणत्या गृहीतकांतून आला, हे विचारल्याखेरीज त्याला काही किंमत नाही.

वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंच्या तुलनेसाठी सर्वांत परिचित साधन म्हणजे बुद्धिबळातील एलो गुणांकन. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी ते विकसित केले. प्रत्येक खेळाडूला एक संख्या द्यायची आणि दोघांच्या संख्यांतील फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची, ही त्यातील मूळ कल्पना आहे. फरक शून्य असेल तर शक्यता निम्मी, 200 असेल तर वरच्या खेळाडूची सुमारे 76 टक्के आणि 400 असेल तर सुमारे 91 टक्के. प्रत्येक निकालानंतर हरणाऱ्याचे काही गुण जिंकणाऱ्याकडे जातात; निकाल जितका अनपेक्षित, तितके जास्त.

या सूत्रात फक्त फरक येतो, संख्या स्वतः येतच नाही. जगातील सगळ्या मुष्टियोद्ध्यांच्या गुणांत 500 मिळवले तरी एकाही लढतीचे भाकीत बदलणार नाही. म्हणूनच, एकमेकांशी कधीच न लढलेले दोन गट असतील, तर त्यांतील एका गटाला दुसऱ्याच्या तुलनेत कितीही वर किंवा खाली सरकवता येते आणि उपलब्ध निकाल त्याला जराही आडकाठी करत नाहीत. व्यवहारात ही अडचण एका सोयीने झाकली जाते: पदार्पण करणाऱ्या प्रत्येकाला, मग ते 1908 मध्ये असो वा 2008 मध्ये, सारखेच, समजा 1500, गुण दिले जातात. सगळ्या पिढ्यांतील नवखे सरासरीने समान असतात, हे त्यात न बोलता मान्य केलेले असते. अशा गुणांवरून 1940 च्या आसपासचा विजेता जो लुईस आपल्या समकालीनांच्या किती वर होता, हे कळते. तो एकविसाव्या शतकातल्या व्लादिमिर क्लिच्कोला हरवेल का, हे कळत नाही.

दोन युगांना खऱ्या अर्थाने जोडतात त्या पिढ्यांच्या सीमेवरील लढती. 1951 मध्ये 28 वर्षांच्या मार्सियानोने 37 वर्षांच्या लुईसला हरवले. मार्सियानोने 1955 मध्ये हरवलेल्या आर्ची मूरला पुढे 1962 मध्ये विशीतल्या अलीने चौथ्या फेरीत संपवले, तेव्हा मूर पन्नाशीकडे झुकलेला होता. 1980 मध्ये 38 वर्षांचा अली लॅरी होम्सकडून हरला, आणि 1988 मध्ये 38 वर्षांचाच होम्स 21 वर्षांच्या माइक टायसनकडून. हे सगळे पूल एकाच बाजूला झुकलेले आहेत: चढत्या वयाचा उतरत्या वयाला हरवतो. प्रत्येकाची ताकद आयुष्यभर स्थिर होती असे मानून ही साखळी सोडवली, तर प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीहून कागदावर आपोआप सरस ठरते.

यावर उपाय आहे. ताकद म्हणजे मूळ कुवत आणि वयानुसार बदलणारी संख्या यांची बेरीज, असे समीकरण मांडून दोन्ही गोष्टी सर्व निकालांवरून एकत्रच काढायच्या. बेरी, रीस आणि लार्की या संशोधकांनी 1999 मध्ये आइस हॉकी, गोल्फ आणि बेसबॉलसाठी असे केले. त्या खेळांत एकेका हंगामातील नोंदी विपुल असतात. मार्सियानोच्या व्यावसायिक लढती मात्र सगळ्या मिळून 49, त्याही सगळ्या जिंकलेल्या, आणि प्रतिस्पर्धी निवडण्यात लढती भरवणाऱ्या प्रवर्तकांचा हात मोठा.

शरीरयष्टीचा मुद्दा त्यामानाने सरळ आहे. सुमारे 85 किलोंचा मार्सियानो आज हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात बसला असता, कारण त्या गटाची मर्यादाच सुमारे 90.7 किलो आहे. पण उंची आणि वजन निकाल ठरवतातच असे नाही: 1919 मध्ये डेम्प्सीने आपल्याहून कितीतरी धिप्पाड विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, आणि 2024 मध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकने सुमारे 15 सेंटिमीटर उंच फ्युरीला पंचांच्या गुणांवर हरवले.

वयाची दुरुस्ती करूनही एक अडचण उरते. मार्च 1973 मध्ये नॉर्टनने अलीला हरवले, मार्च 1974 मध्ये फोरमनने नॉर्टनला दुसऱ्या फेरीत संपवले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केले. पुढे सरसावणाऱ्याला फोरमन चिरडत असे, नॉर्टनची शैली अलीला नेहमीच जड गेली, आणि फोरमनला दमवणे अलीला जमले. अलीने नंतर नॉर्टनला दोनदा हरवले, पण तेही थोडक्या गुणांनी. तिघांना एकाच रेषेवर बसवणारी कोणतीही संख्या या चक्रातील किमान एक निकाल अनपेक्षितच ठरवील. शैलीसाठी दुसरी, तिसरी मिती जोडता येते. मात्र प्रत्येक मितीला नव्या नोंदी लागतात, आणि चाळीस-पन्नास लढतींच्या कारकिर्दीत त्या पुरेशा मिळत नाहीत.