‘देर लेट्स्टे मान’चा शेवट

फ्रीड्रिख व्हिल्हेल्म मुर्नाऊ दिग्दर्शित ‘देर लेट्स्टे मान’ (शब्दशः ‘शेवटचा माणूस’, १९२४) या जर्मन मूकपटाला दोन शेवट आहेत, आणि त्यांपैकी दुसरा खोटा असल्याची कबुली चित्रपटच देतो. पटकथा कार्ल मायर यांची, छायालेखन कार्ल फ्रॉइंड यांचे.

बर्लिनमधील अटलांटिक हॉटेलच्या वृद्ध द्वारपालाला (एमिल यानिंग्स) जड पेटी पेलवेनाशी होते, तेव्हा व्यवस्थापक त्याला तळघरातील प्रसाधनगृहात सेवक म्हणून पाठवतो. ज्या झुलीदार गणवेशामुळे चाळीतले शेजारी त्याला मुजरे करत, तो अंगावरून उतरवला जातो; घरातील लग्नासाठी तो गणवेश चोरून घालण्यापर्यंत त्याची मजल जाते. बिंग फुटल्यावर शेजारी त्याची टर उडवतात. अखेर तो गणवेश हॉटेलात परत आणतो आणि अंधाऱ्या प्रसाधनगृहात अंग आखडून बसतो. रात्रीचा पहारेकरी आपला कोट त्याच्या अंगावर पांघरतो. कथेचा खरा शेवट हाच.

यानंतर पडद्यावर या चित्रपटातील एकमेव निवेदनपर पाटी येते. प्रत्यक्ष जीवनात या म्हाताऱ्याला मरणाखेरीज फारसे काही उरले नसते, परंतु लेखकाला त्याची दया आल्याने जवळजवळ अशक्य असा उपसंहार जोडला आहे, अशा आशयाचा तो मजकूर आहे. एक कोट्यधीश म्हाताऱ्याच्या बाहूंत प्राण सोडतो आणि मृत्युपत्रानुसार सारी संपत्ती त्याच्याकडे येते. त्याच हॉटेलात तो पहारेकऱ्याला शेजारी बसवून पोटभर मेजवानी झोडतो, नोकरांना बक्षिसी वाटतो आणि एका भिकाऱ्यालाही गाडीत घेऊन निघून जातो.

समीक्षक सीगफ्रीड क्राकाउअर यांना या उपसंहारात अमेरिकी चित्रपटांच्या ठरीव सुखान्ताची थट्टा दिसली. ते पटण्याजोगे आहे, कारण एरवी एकाही पाटीविना, केवळ फिरत्या कॅमेऱ्याच्या बळावर गोष्ट सांगणारा दिग्दर्शक नेमक्या येथेच शब्दांचा आधार घेतो आणि आपणच रंगवलेले सुख संशयास्पद करून ठेवतो. १९२३ च्या चलनफुगवट्यात होरपळलेल्या आणि १९२४ च्या डॉज योजनेमुळे (युद्धभरपाईची फेड सुसह्य करणाऱ्या करारामुळे) अमेरिकी कर्जावर सावरू पाहणाऱ्या जर्मनीत तारणहार एक धनिकच असावा, हा योगायोग बोचरा आहे. इंग्रजीत मात्र चित्रपटाचे नावच ‘द लास्ट लाफ’, म्हणजे ‘अखेरचे हसू’, असे ठेवले गेल्याने सारा भार उपसंहारावर पडला. त्या उपसंहारातही म्हाताऱ्याच्या अंगावर उंची सूट येतो, गणवेश परत येत नाही.